संकेतार्थी गुडघे

साउथ कॅरोलायना राज्याला एक अधिकृत खाऊ आहे, आणि तो म्हणजे उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. २००६ साली तिथल्या विधिमंडळानं तसा रीतसर कायदाच केला. मुलाकडे तिथल्या कोलंबिया शहरात सहा महिन्यांसाठी गेलो तेव्हा हे कळलं आणि परदेशाचं निम्मं दडपण तिथेच उतरलं. ज्या राज्यात आमदार एकत्र बसून उकडलेल्या शेंगांना मान देतात, ते राज्य परकं कसं म्हणावं?

उरलेलं निम्मं दडपण शेजाऱ्यांनी उतरवलं. हे गृहस्थ माझ्याच वयाचे, म्हणजे सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे घुटमळणारे. एका शनिवारी सकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली आणि मला, मुलाला नि नातवाला गाडीत घालून स्टेडियमवर नेलं. सामना संध्याकाळी होता. सकाळी नऊला कशाला जायचं, असं मी विचारलं, तर नातू म्हणाला, “आजोबा, सामना शेवटी असतो. आधी जेवण असतं.” हे मला लग्नाच्या मुहूर्तासारखं वाटलं आणि लगेच पटलं.

कोलंबियाचं विल्यम्स-ब्राइस स्टेडियम जवळजवळ ऐंशी हजार माणसांचं. हे ऐंशी हजार कुणा व्यावसायिक संघासाठी येत नाहीत. कॉलेजातल्या मुलांचा खेळ बघायला येतात. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला पालकांना बोलवायला दोनदा चिठ्ठ्या पाठवाव्या लागत. शेजारच्या रुळांवर रेल्वेच्या गार्डाचे २२ जुने डबे कायमचे उभे करून ठेवलेत. आत सोफे, वातानुकूलन, दूरदर्शन संच. न सुटणाऱ्या गाडीत बसून माणसं दिवसभर आनंदानं जेवतात.

विद्यापीठाच्या संघाचं नाव ‘गेमकॉक्स’, म्हणजे झुंजीचे कोंबडे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात टॉमस सम्टर नावाचा इथला एक सेनानी होता, त्याला ‘झुंजार कोंबडा’ म्हणत. तिथून हे आलं. मी कोकणातला. आमच्याकडे कोंबडा म्हटला की पुढचा शब्द वडे. इथेही फार निराळं नव्हतं. अंगावर कोंबड्याचं चित्र, डोक्यावर कोंबड्याची टोपी, आणि हातात तळलेले कोंबडीचे पंख. दैवत आणि प्रसाद एकच.

हा अमेरिकन फुटबॉलचा खेळ मला नातवानं शिकवला. त्यातला यार्ड म्हणजे आपला वार, हे लक्षात आल्यावर गाडी रुळावर आली. चार प्रयत्नांत चेंडू दहा वार पुढे न्यायचा. म्हणजे नऊवारीपेक्षा एक वार जास्त. तेवढा नेला की पुन्हा नवे चार प्रयत्न मिळतात. नाही नेला, तर चेंडू समोरच्याला. काही जण चेंडू फेकतात, काही झेलतात, आणि एक जण असतो तो चेंडू पोटाशी धरून सरळ समोरच्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसतो. त्याला रनिंग बॅक म्हणतात. आमची ही म्हणाली असती, “दादर स्टेशनवर रोज उतरणाऱ्याला यात काय नवल!”

तर या रनिंग बॅकवरूनच वाद पेटला. शेजाऱ्यांचे मेव्हणे आले होते. दोघांनी शेंगांचं पातेलं मध्ये ठेवलं, घडीच्या खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि काही प्रस्तावना न करता भांडायला सुरुवात केली. नवरा-बायको जुनं भांडण कालच्या वाक्यावरून पुढे सुरू करतात ना, तसं. विषय होता मार्कस लॅटिमोर: तो थोर होता, की थोर होता होता राहिला?

लॅटिमोर इथल्याच डंकन गावचा. २०१० साली शाळा संपवून निघाला तेव्हा मोठमोठी विद्यापीठं त्याच्या मागे लागली होती. शेवटी उरली दोन, ऑबर्न आणि हे घरचं विद्यापीठ. त्यानं घर निवडलं. घर कसलं, तर १९९८ आणि १९९९ मिळून सलग २१ सामने हरलेलं घर! असल्या संघाची माणसं प्रेमळ होतात, पण जरा भेदरट. सुखाचा घास तोंडाशी आला की आधी ठसका कधी लागतोय याची वाट बघतात. या पोरानं पहिल्याच वर्षी त्यांना घास गिळायला शिकवलं. त्या ऑक्टोबरात देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या अलाबामाला ३५-२१ असं हरवलं. नोव्हेंबरात फ्लोरिडाच्या घरात जाऊन फ्लोरिडाला हरवलं आणि विभागाचं विजेतेपद पहिल्यांदा कोलंबियात आणलं. प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर स्वतः फ्लोरिडात जन्मलेले. तिथेच खेळाडू म्हणून गाजलेले, तिथेच प्रशिक्षक म्हणून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले. म्हणजे हा माहेरीच जाऊन मिळवलेला विजय. त्या एका रात्री लॅटिमोरच्या हातात चेंडू ४० वेळा दिला आणि तो २१२ वार धावला.

“चाळीस वेळा!” मेव्हणे म्हणाले. “एकोणीस वर्षांचं पोर!”

इथे मला ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण आठवली, आणि मी ती मुलाकडून भाषांतरित करून घेतली. भाषांतर बरंच लांबलं. शेवटी मेव्हण्यांनी गंभीरपणे विचारलं, “बाशिंग बांधल्यानं गुडघ्याला आधार मिळतो का?”

आधार मिळाला नाही. २०११च्या ऑक्टोबरात मिसिसिपी स्टेटशी खेळताना डावा गुडघा गेला. वर्षभरानं तो उभा राहिला, धावला, आणि २७ ऑक्टोबर २०१२ला टेनेसीविरुद्ध, याच मैदानावर, उजवा गेला. डावा परवडला म्हणायची पाळी आली. सांधा निखळला, आतले बंध तुटले. तो पाय ज्या दिशेला वळला, ती दिशा गुडघ्याला ठाऊकच नसते. स्वतःचा संघ तर धावत आलाच, पण टेनेसीचे खेळाडूही आपली जागा सोडून त्याच्याभोवती येऊन उभे राहिले. दोन दिवसांनी त्याचा एकविसावा वाढदिवस होता. पाठीवरचा आकडाही २१. महापौरांनी तो दिवस शहरात लॅटिमोर दिन म्हणून जाहीर केला. वाढदिवसाला केकऐवजी आख्खं गाव मिळालं, आणि पोरगा पाय बांधून पडलेला.

आता मेव्हण्यांचा मुद्दा ऐका. लॅटिमोर जायबंदी झाला त्या २०११ साली संघानं ११ सामने जिंकले. २०१२लाही ११. आणि २०१३मध्ये तो संघात नव्हताच, तरी ११! मग त्याच्यामुळे दिवस पालटले हे कसं म्हणायचं? थोडक्यात, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. ही म्हण ते बोलले नाहीत. पण कोंबड्याच्या टोपीखाली बसून माणूस जवळजवळ तेच बोलतोय, हे ऐकून मला मराठी भाषेचा फार अभिमान वाटला. शिवाय त्यांच्याकडे जॉर्ज रॉजर्स होता. १९८०ची हाइस्मन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान, जिंकलेला याच विद्यापीठाचा रनिंग बॅक. त्याचे वार लॅटिमोरच्या जवळजवळ दुप्पट. “थोर म्हणायचं तर त्याला म्हणा. हा चांगला होता. बिचारा होता. पण बिचारा म्हणजे थोर नव्हे.”

शेजारी उसळले. “तो धावत राहिला असता, तर रॉजर्सचे सगळे विक्रम मोडले असते!”

“पहिल्या वर्षी इतका राबवला नसता, तर धावत राहिला असता.”

“राबवला नसता, तर फ्लोरिडात जिंकलो नसतो.”

“त्यापेक्षा तो ऑबर्नला गेला असता, तर त्याच वर्षी राष्ट्रीय विजेता झाला असता!”

हे शेवटचं खरंच बोचणारं होतं. लॅटिमोरनं ज्या ऑबर्नला नकार दिला, ते त्याच मोसमात एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेते झाले, आणि वाटेत या कोंबड्यांना एकदा नाही, दोनदा लोळवलं. दुसऱ्यांदा तर ५६-१७.

मी जन्मभर मराठी व्याकरण शिकवलं. माझे कान वेगळ्याच कारणानं टवकारले. गेला तासभर या दोघांच्या तोंडून एकही साधं वाक्य आलेलं नव्हतं. असता, असती, असते, नसता. क्रियापदाचे चार अर्थ आपण सातवीत पाठ करतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘पाऊस पडला असता, तर पीक आलं असतं’ हा संकेतार्थ. म्हणजे पाऊसही नाही आणि पीकही नाही, पण वाक्य मात्र हिरवंगार. मुलांना हा अर्थ कधी समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे प्रत्येक घरात एक काका असतो, तो मेडिकलला गेला असता. एक आत्या असते, ती रेडिओवर गायली असती. घरातल्या खऱ्या डॉक्टरपेक्षा या काकांचा मान कधीकधी जास्त असतो, कारण त्यांच्या हातून आजवर एकही रोगी दगावलेला नाही.

लॅटिमोरचं या दोघांनी असंच करून ठेवलं होतं. एकानं त्याला न खेळलेल्या सामन्यांचा बादशहा केलं होतं, आणि दुसरा त्याच न खेळलेल्या सामन्यांची वजाबाकी करत होता. खेळलेल्या सामन्यांकडे दोघांचीही पाठ. नातवानं हिशोब काढून दिला: तीन मोसम, दोन्ही अर्धे तुटलेले धरून, ५५५ वेळा चेंडू हातात, २,६७७ वार, ३८ वेळा धावत जाऊन टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार, जो या विद्यापीठाचा विक्रम झाला. मी मनातल्या मनात २,६७७ला नवानं भागलं. जवळजवळ तीनशे लुगडी होतात. एवढी लुगडी आमच्या आळीत सगळ्या बायकांच्या मिळूनही नसतील. यात ‘असता’ कुठे आहे?

पुढची गोष्ट मला मुलानं घरी परतताना सांगितली, पण ती इथेच शोभते. एवढ्या मोडतोडीनंतरही सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघानं २०१३ साली चौथ्या फेरीत त्याची निवड केली. दीड वर्ष तो गुडघ्यांची मनधरणी करत राहिला. नोव्हेंबर २०१४मध्ये, तेविसाव्या वर्षी, एकही व्यावसायिक सामना न खेळता त्यानं ‘मी थांबतो’ असं सांगून टाकलं. व्याकरणात ज्याला स्वार्थ म्हणतात, तो हा. स्वार्थ म्हणजे आपमतलब नव्हे. क्रियापदाला स्वतःचाच अर्थ आहे, त्याच्या मागे आशा नाही की अट नाही, एवढंच. त्यानंतर काही वर्षं तो इथल्याच पोरांना शिकवत राहिला आणि मग देश ओलांडून पार पोर्टलंडला गेला आणि कविता करू लागला. कोलंबियातल्या पुष्कळांना म्हणे गुडघ्यांपेक्षा याचाच धक्का मोठा बसला. त्यांना महाराष्ट्राचा अनुभव नाही. आमच्याकडे धडधाकट गुडघ्यांची माणसंही कविता करतात, आणि लोक सहन करतात.

तर पाहुणा म्हणून पंचगिरी माझ्याकडे आली. लॅटिमोर थोर की नाही, एका शब्दात सांगा. मी शिक्षक, एका शब्दात उत्तर द्यायला मी मुलांना सांगतो, स्वतः देत नाही. मी नातवाला म्हटलं, “त्यांना सांग, पाच मिनिटं दोघांनीही ‘असता’ वापरायचं नाही. फक्त जे झालं तेवढं बोलायचं.”

नातवानं काय भाषांतर केलं देव जाणे, पण एकदम शांतता पसरली. मेव्हण्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. शेजाऱ्यांनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. वर्गात मी अशी शांतता फक्त गृहपाठ विचारल्यावर पाहिली आहे.

तेव्हा शेजाऱ्यांच्या सौ. बोलल्या. सकाळपासून त्या पातेल्यात शेंगा ओतत होत्या, कागदी ताटल्या गोळा करत होत्या. या वादात त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, “टचडाउन झाला की तो नाचायचा नाही. चेंडू पंचाच्या हातात द्यायचा आणि परत यायचा.” थोडं थांबून म्हणाल्या, “आमच्या मुलाला मी तो दाखवायचे. बघ, म्हणायचे, आपलं काम झालं की वस्तू जागेवर ठेवावी.”

मेव्हण्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “हे खरं आहे,” म्हणाले. मग बराच वेळ त्या दोघांनी फ्लोरिडाची ती रात्र पुन्हा सांगितली, पण आता भूतकाळात: कोण कुठे बसलं होतं, कुणाचा रेडिओ होता, घरी पोचायला किती वाजले. रॉजर्सचं नाव निघालं तेव्हा शेजारीच म्हणाले, “तोही आपलाच.” पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती. मी वेळ संपल्याचं सांगितलं नाही.

आत बँड सुरू झाला. ऐंशी हजार माणसं उठली आणि दरवाज्यांकडे निघाली. आम्हीही उठायला लागलो. घडीची खुर्ची ही बसण्यासाठी केलेली वस्तू आहे, तिच्यातून उठायचा विचार करणाऱ्यानं केलेला दिसत नाही. शेजाऱ्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, मी माझ्या गुडघ्यांवर टेकले, आणि दोघांच्याही तोंडून एकाच भाषेतला आवाज निघाला. पहिल्या खेपेला मी अर्धा वर आलो आणि परत बसलो. दुसऱ्या खेपेला नातवानं हात पुढे केला. मी मानेनंच नको म्हटलं. तिसऱ्या खेपेला उठलो. अजून एक प्रयत्न शिल्लक होता.