दुसऱ्या नंबरचा मानकरी

इचलकरंजीपासून कोल्हापूरचं शाहू स्टेडियम तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे गावात फुटबॉलवेडा माणूस असणं यात नवल नाही. पण गल्लीत एखादा आर्सेनलवाला असतो, त्याची जात निराळी. मँचेस्टर सिटीवाला चारचौघांत ओळखू येत नाही. तो जिंकतो आणि गप झोपतो. आर्सेनलवाला एप्रिल उजाडला की लांबूनच कळतो. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. कुणी नुसतं "काय मालक, कसं काय?" म्हटलं तरी उत्तर ठरलेलं, "अजून गणितात हाय आपण."

आमच्या गल्लीतल्या आर्सेनलवाल्याचे आठ-दहा साधे यंत्रमाग आहेत. 2004 साली लंडनच्या आर्सेनलनं 38 सामन्यांत एकही हार न पत्करता इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा हा कॉलेजात होता. त्याला वाटलं, ह्यांचं दरवर्षी असंच असतं. पुढं लग्न झालं, पोरगी दहावीला गेली, मागांवरचं कर्ज चढलं, उतरलं, परत चढलं. 2025 पर्यंत तरी लीग काही आली नाही. क्लब का बदलत नाहीस, असं विचारलं की तो इतिहासात शिरतो. 1886 साली वुलिचच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी हा क्लब काढला. आपल्या गावात पहिला यंत्रमाग आला 1904 ला. "म्हणजे बघा, कारखान्यातल्या माणसांचा क्लब. पैसेवाल्यांच्या नादाला आपण कशाला लागायचं?" आर्सेनलचा आजचा मालक अमेरिकेतला अब्जाधीश आहे, हे कुणी काढलंच, तर याला नेमकं त्याच वेळी मागावर बीम चढवायला जायचं असतं.

2023 चं दुःख तो थोडक्यात आवरतो. 248 दिवस आर्सेनल पहिल्या नंबरावर. मग एप्रिलात लिव्हरपूलसमोर दोन गोलांची आघाडी घालवली, पुढच्याच सामन्यात वेस्ट हॅमसमोर तीच तऱ्हा, आणि लगेच तळाच्या साउदॅम्प्टनशी घरच्या मैदानावर 3-3. शेवटी सिटी 89 गुण, आर्सेनल 84. त्या दिवसांत रातपाळीचे कामगार मालकाच्या तोंडावरून स्कोअर ओळखत.

14 मे 2024 ची रात्र मात्र त्याच्याच तोंडून ऐकावी. सिटीचा सामना टॉटनहॅमशी. टॉटनहॅम म्हणजे आर्सेनलचा पिढीजात वैरी, पण सिटीला कुणीतरी अडवल्याशिवाय आर्सेनलला लीग नव्हती. कोल्हापुरात पाटाकडील संघाच्या पाठीराख्यानं समोरच्या शिवाजी तरुण मंडळाच्या विजयासाठी अंबाबाईला नारळ फोडावा, तसला प्रसंग. यानं फोडला. आपल्याकडे रात्री साडेबाराला सामना सुरू. शेवटची पाच-सहा मिनिटं उरलेली, सिटी 1-0 नं पुढं, आणि टॉटनहॅमचा सॉन एकटा गोलकीपरसमोर. इथं आमचा माणूस बाकड्यावरून उठतो, चहाचा ग्लास गोलकीपर होतो, काडेपेटी सॉन होते. "मोकळा, भावा! निव्वळ मोकळा! आमच्या कांडीवाल्या मावशींनीबी मारला असता!" सिटीचा गोलकीपर ओर्टेगा, त्यानं पाय घातला. मग सिटीला पेनल्टी, 2-0, खेळ खलास. वर्षअखेर सिटी 91, आर्सेनल 89. "89 गुणांत ते आदल्या वर्षी चॅम्पियन झाले. आम्ही केले तर दुसरे. ह्याला न्याय म्हणायचं?" त्याचं हे म्हणणं बरोबर आहे, हीच पंचाईत.

2025 बद्दल तो बोलतच नाही. लिव्हरपूल दहा गुणांनी पुढं गेलं, आणि दहा गुण 'थोडक्यात हुकलं'मध्ये बसवणं त्यालाही जमेना. सलग तिसऱ्यांदा दुसरा नंबर. "तीन वेळा दुसरं आल्यावर फिरता चषक तरी कायमचा देतात का?" असं वहिनींनी अगदी भोळेपणानं विचारल्याचं सांगतात.

माझ्या मते हा रोग लंडनचा नाही, गावचाच आहे. "दिवाळीला उठाव येतोय बघा," म्हणत सगळी मंदी काढणाऱ्या गावात आशा धरायला कुणाला शिकवावं लागत नाही. फक्त यानं हुकण्याची कला धंद्यातही आणली. तो सोमवारी सूत घेतो, मंगळवारी भाव उतरतो. हे आता बाजाराला माहीत झालंय. यानं सौदा केला की शेजारपाजारचे मागवाले चार दिवस दम धरतात. परवा तर गोदाम भरून बसलेल्या एका सूत व्यापाऱ्यानं त्याला स्वतःहून फोन लावला म्हणे, "मालक, एवढ्या महिन्यात तुम्ही खरेदी करू नका. उधारी सावकाश द्या, चालेल."