उलटी मजुरी

"अगं, तुला म्हणून सांगते, कुठे बोलू नकोस," अशी माईंची सुरुवात झाली की मी हातातली बादली खाली ठेवते. हे वाक्य त्यांनी तोवर समोरच्या घरी, दूधवाल्यापाशी आणि महागणपतीच्या देवळात म्हणून झालेलं असतं. माझ्यापर्यंत येते ती चांगली मुरलेली गोष्ट.

आमच्या दोन घरांत कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर तारेची जाळी. जाळी एका जागी वाकली आहे, ती माईंच्या कोपरानं. त्याच जागेच्या डोक्यावर त्यांच्या शेवग्याची एक फांदी आमच्या अंगणात उतरली आहे. तिच्यावरच्या शेंगा तोडायच्या कुणी, हा प्रश्न आम्ही दोघींनीही तीन वर्षं तोंडातून काढलेला नाही. शेंगा वाळतात, तडकतात, पंखवाल्या बिया दोन्हीकडे उडतात. माई त्या मनातल्या मनात मोजतात, हे मला माहीत आहे.

"पुण्याची मंडळी आली होती शनिवारी."

"गाडी पाहिली."

"गाडी आख्ख्या आळीनं पाहिली, रात्री साडेअकराला मुलगा हॉर्न वाजवत आला. ते सोड. रविवारी सकाळी सहाला उठून सगळे तयार! एरवी नऊशिवाय चहा नाही. म्हटलं, मेणवलीला घाटावर निघालात का? तर नाही, भिलारला. स्ट्रॉबेरी तोडायला."

"आणायला?"

"तोडायला! हेच तर सांगतेय. रानात जायचं, वाकायचं, आपल्या हातानं फळ तोडायचं आणि त्याचे पैसे पण आपणच द्यायचे. म्हणजे मजुरी करायची आपण आणि देणारे पण आपणच. उलटी मजुरी. बरं, बाजारातल्यापेक्षा स्वस्त म्हणशील, तर ते नाव नाही. इथे मंडईत दोनशेला मिळते ती तिथे साडेतीनशे."

मी म्हटलं, "माई, अमेरिकेत हा प्रकार जुना आहे. माझी भाची न्यू जर्सीत असते. जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलैत ब्लूबेरी, मग पीच आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सफरचंदं. महाराष्ट्र मंडळातल्या चार घरांनी मिळून जायचं, फाटकावरच रिकामी पिशवी विकत घ्यायची आणि मावेल तेवढी भरायची."

"रिकामी पिशवी विकत?"

"हो. आणि उंचावरची सफरचंदं काढायला लांब दांडा देतात, टोकाला टोपलीसारखं."

"म्हणजे झेला." माईंनी अमेरिकेचा निकाल लावला. त्यांची धाकटी जाऊ दापोलीची, आंब्याची कलमं असलेल्या घरातली. "हापूस असाच उतरवतात, झेल्यानं, आणि देठ ठेवून. देठ तुटला की चीक ओघळतो, फळावर काळे डाग पडतात. तिकडे पण देठ ठेवतात का?"

भाचीला तिथल्या म्हातारबाबांनी सांगितलं होतं की सफरचंद ओढायचं नाही, हातात घेऊन वर उचलायचं आणि किंचित पिरगाळायचं. पिकलेलं असलं तर देठासकट हातात येतं, नसलं तर फांदी हलते, फळ नाही. माईंना हे पटलं. न ओढता जे येतं ते पिकलं, हा हिशेब त्यांना माहेरापासून ठाऊक. माहेर मंगळवेढ्याचं, ज्वारीच्या कोठारातलं. तिथून त्या हुरड्यावर गेल्या. त्या जातातच.

"पौषात आमच्या रानात आगटी पेटायची. गोवऱ्यांचा आर, त्यात कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळायची. हात काळे, तोंड काळं. गूळभेंडीचा हुरडा असा कोवळा, दाण्यात दूध. सोबत खोबऱ्या-लसणाची चटणी. पाहुण्यांना बोलावणं जायचं, हुरड्याला या म्हणून. पैसे? पाहुणा पैशाचं बोलला असता तर माझ्या वडलांनी त्याला बैलगाडीत घालून स्टेशनला पोचवला असता. आता ताटावर पैसे. पोहायला तलाव, झोका आणि मग हुरडा."

मी म्हटलं, वडलांकडे रान होतं आणि पाहुणे दहा होते. आता पुण्या-मुंबईचे दोनशे पाहुणे रविवारी येतात, त्यांना फुकट कोण घालील? हवा फिरली की ज्वारीचा दाणा चारचार दिवसांत टणक होतो, तेवढ्या मुदतीत शेतकऱ्याला चार पैसे सुटतात. माईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

"मग तुम्ही गेलात का भिलारला?" मी मुद्द्यावर आले.

"नाही म्हटलं. मग गेले." माईंनी जाळीवर कोपर सावरलं. "पोरांकडे कोण बघणार?"

इथून पुढचं सांगताना माईंचा आवाज बदलला. पसरणीचा घाट चढून पाचगणी ओलांडली आणि भिलारात शिरले. भिलार 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत वाचायला पुस्तकं मांडलेली, बाहेर पाट्या. मुलानं पोरांना तिथे थांबू या म्हटलं, पोरं म्हणाली, आधी स्ट्रॉबेरी. गाडी एका मळ्यापाशी लावली. मळ्याची मालकीण पन्नाशीची, डोक्याला टॉवेल, पायात गमबूट. तिनं आधी सगळ्यांचे पाय पाहिले.

"का?"

"सरीतून चालता येतंय का बघायला. वाफे असे गुडघ्याच्या खाली, त्यावर काळा प्लॅस्टिकचा कागद ताणलेला, कागदाला भोकं आणि भोकातून रोप वर आलेलं. कागदाखालून ठिबकची नळी. पोरानं पहिलंच पाऊल ठेवलं ते वाफ्यावर. कागद फाटला. ती बाई ओरडली नाही, पण अशी बघितली, सून लाजून लाल. अगं, तो कागद पूर्ण हंगाम पुरवायचा असतो. फळ मातीला लागून कुजू नये, तण येऊ नये, म्हणून तो घातलेला."

मग त्या बाईनं तोडायचं कसं ते दाखवलं. माईंनी मला शेवग्याच्या कोवळ्या देठावर करून दाखवलं. फळाला हात लावायचाच नाही. देठ दोन बोटांत धरायचा, फळापासून पेरभर वर, आणि अंगठ्याचं नख दाबून चिमटायचा. टक्. हिरवी टोपी फळावर राहिली पाहिजे. टोपी निघाली की फळाला तोंड फुटलं म्हणायचं, संध्याकाळपर्यंत पाणी सुटतं.

"त्या बाईचं अंगठ्याचं नख पाहिलं मी," माई म्हणाल्या. "काळंनिळं, आणि कडेला हिरवा डाग. धुऊन जाणारा नव्हे. रोज पहाटे दव असताना बायका येतात, जीपनं, खालच्या गावांतून. ऊन चढायच्या आत तोडणी उरकायची, कारण उन्हात तोडलेलं फळ गाडीत शिजतं. दोन दिवसांआड तोच वाफा पुन्हा. चार महिने."

माई गप्प झाल्या. मीही. तीन वाफे तोडल्यावर त्यांची कंबर धरली, त्या बांधावर जाऊन बसल्या आणि तिथून त्यांनी सगळ्यांना सूचना दिल्या, असं सून म्हणाली. माई म्हणाल्या, मी अर्धी टोपली भरली. खरं काय ते त्या मळ्याला ठाऊक.

मला मात्र एक गोष्ट विचारायचीच होती. "तिथल्या तिथे खाल्लीत का? न धुता?"

"खाल्ली. दोनतीन खा म्हणाली बाई, पोट भरू नका."

"फवारणी कधी झाली ते विचारलंत?"

माईंनी जाळी सोडली. विचारलं नव्हतं. या फळाला सालच नाही, जे मारलं ते अंगावर बसतं. रोग आणि कोळी यांना ते अतोनात आवडतं, त्यामुळे औषध मारावंच लागतं. चांगला मळेवाला आजच्या तोडणीच्या वाफ्याला किती दिवस झाले ते सांगतो, आणि जो सांगत नाही त्याच्या रानातलं घरी नेऊन धुऊन खावं. मी वाईत पंधरा वर्षं राहून एवढं तरी शिकले आहे. आमच्या खालच्या अंगाला रोपवाटिकाच आहेत. परदेशातून आणलेल्या मातृरोपांना पावसाळ्यात धागे फुटतात, त्यांना इथे सगळे रनर म्हणतात, आणि तेच पिशव्यांत धरून सप्टेंबर-ऑक्टोबरात वर लावायला जातात. म्हणजे स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची, तिचं बाळंतपण बरंचसं आमच्याकडचं. भौगोलिक मानांकनाचा शिक्का 2010 साली महाबळेश्वरच्या नावानं लागला. वाईकरांनी याचं मनाला लावून घेतलेलं नाही, कारण आम्हाला लावून घ्यायला दुसऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत.

"आणि माझ्या मुलानं काय केलं माहितीये? शोधून शोधून मोठी तेवढी तोडली. लिंबाएवढी. घरी कापली तर आत पोकळ, चव पाण्याची. मी बारकी घेतली, पूर्ण लाल, वास येणारी. त्याची खांद्याला पांढरी होती, म्हणाला, आई, पिकतील दोन दिवसांत."

"पिकत नाहीत."

"हेच त्या बाईनं सांगितलं! आंबा अढीत घातला की पिकतो, हिचं तसं नाही म्हणे. तोडली तेव्हा जेवढी गोड तेवढीच. नंतर नुसती मऊ पडते."

म्हणूनच मुंबईच्या दुकानातली स्ट्रॉबेरी दिसते सुंदर आणि लागते चिंचेसारखी. ती प्रवास सोसावी म्हणून पाऊण लाल असताना तोडलेली असते, आणि राहिलेला पाव आयुष्यात कधी येत नाही. माझ्या मते त्या साडेतीनशेचा खरा हिशेब इथे आहे. वाफ्यावर पूर्ण पिकलेलं फळ ज्याला खायचं असेल त्यानं वाफ्यापाशी जावं, एवढीच अट. हे मी माईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल, पण साडेतीनशे म्हणजे साडेतीनशेच."

मग मी त्यांना गंमत म्हणून सांगितलं, की आपण जिला फळ म्हणतो तो लाल भाग म्हणजे नुसतं फुलाचं फुगलेलं बूड. खरी फळं वरच्या त्या पिवळ्या टिकल्या, एकेका टिकलीत एकेक बी. माई क्षणभर थांबल्या. "म्हणजे काजूच्या बोंडूसारखं," म्हणाल्या. अगदी तसंच. दापोलीच्या जावेचा उपयोग झाला.

"आणि ऐका," मी म्हटलं, "महाबळेश्वरला चायनामन धबधबा आहे ना? इंग्रजांच्या वेळी तिथे चिनी कैद्यांचे मळे होते. मलाक्का-सिंगापूरकडून आणून तुरुंगात ठेवलेले लोक. साहेबांच्या जेवणासाठी बटाटे, भाज्या पिकवायचे. 1864 साली तुरुंग बंद झाला, नाव धबधब्याला राहिलं."

"बघ. तेव्हा तिथे राबायला गुन्हा करावा लागत होता," माई म्हणाल्या, "आता गूगलवर पैसे भरले की झालं."

भिलारहून येताना घाटात गोंधळ झाला. तीन किलो फळं मुलानं एकाच पिशवीत भरली होती, सपाट खोक्यात पसरली नव्हती. पसरणीच्या वळणांवर वरच्यांनी खालच्यांना चेपलं. मागच्या सीटखाली लाल ओघळ. नातवानं दोन वळणांनंतर त्यात आपली भर घातली, ते माईंनी सविस्तर सांगितलं, मी इथे सांगत नाही. चेपलेल्याचा मग माईंनी मुरांबा घातला. साखर बरोबरीनं, मंद आच, पळी हलवून हलवून हात दुखले. मुरांबा काही बसेना. नुसतं सरबत.

"लिंबू पिळलंत?"

"मुरांब्यात लिंबू? कैरीच्या मुरांब्यात कोण पिळतं?"

"कैरी मुळात आंबट असते, माई. हिच्यात घट्ट धरणारं कमी असतं. पातेलं चुलीवरून उतरवायच्या आधी लिंबू हवं, आणि पाचसहा कच्ची-पांढरी फळं त्यात असली तर आणखी बरं."

"म्हणजे मुलाची ती पांढऱ्या खांद्याची कामाला आली असती." माईंना हे मनापासून आवडलं नाही. "ती मी बाजूला काढून कामवालीला दिली."

त्या सरबताची एक वाटी मग जाळीवरून माझ्याकडे आली. रंग सुरेख, चव खरंच छान. दह्यात घालून दोन दिवस खाल्लं. हे माईंना सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी तो मूळ बेतच होता म्हणून आळीभर सांगितलं असतं.

"पुढच्या वर्षी जाणार का?"

"मी कशाला जाते! मार्चअखेरपर्यंत हंगाम आहे म्हणाली ती बाई, एप्रिलात पण थोडी मिळतात. जानेवारीत जाऊ नका म्हणाली, वेण्णा तळ्याकडे दवाचं बर्फ होतं त्या दिवसांत, फूल जळतं." एवढा तपशील न जाणाऱ्या माणसाला कशाला लागतो, हे मी विचारलं नाही.

बोलताबोलता माईंची नजर वर गेली. शेवग्याची फांदी शेंगांनी वाकली होती. माझ्या बाजूला मोजून अकरा. मी पण मोजल्या होत्या. माई आत गेल्या आणि टोकाला आकडी बांधलेला बांबू घेऊन आल्या. जाळीवरून पलीकडे माझ्याकडे केला.

"घे. तुझ्या बाजूच्या तू तोड. मुलगा माझा साडेतीनशे देतो, तू काय देशील?"

"माई, फांदी माझ्या अंगणात आहे. आत यायची फी मीच घेणार."

त्या हसल्या नाहीत. बांबू माझ्या हातात नीट धरवला. "देठापाशी अडकव, ओढू नकोस, पिरगाळ. आणि फांदीला झटका देऊ नकोस गं, शेवगा ठिसूळ असतो, कडकन मोडेल आणि तुझ्या डोक्यात पडेल. मग सगळे म्हणतील, माईंनी पाडली."