ऑर्कांचं माहेर कुठलं?

"मालूताई, त्या ऑर्कांच्या जन्माचं काही केल्या जुळत नाही हो!"

"कोण ऑर्क? वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू?"

"भाडेकरू कसले! टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले. वाकड्या तलवारी, उन्हाचं वावडं. पोरांनी काल सिनेमा लावला होता, त्यात दुष्ट जादूगार सारुमानचे चाकर उरुक-हाय जातीच्या एकेका ऑर्कला चिखलातून उपसतात, चांगला वाढलेला!"

"रताळी काढतात तशी?"

"अगदी! पुस्तकात मात्र तसलं काही नाही. तरुणपणी, 1916-17च्या सुमाराला, टॉल्किननं लिहिलं होतं खरं की सैतानानं यांना जमिनीतली धग नि चिखल यांतून घडवलं. मग त्याचं त्यालाच खटकलं. पक्का कॅथलिक माणूस! जीव घालायचं काम देवाचं, सैतान फार तर दुसऱ्यानं केलेलं नासवणार. कथानायक फ्रोडोसुद्धा सोबती सॅमला हेच सांगतो."

"म्हणजे मुळात घराणं चांगलं होतं?"

"एल्फ होते म्हणे, कथेतली थोर जमात! त्या सैतानानं, मॉर्गॉथनं, धरून नेले, कोंडले, छळ छळ छळले, त्यांचेच हे झाले. 'सिल्मरिलियन'मध्ये असंच दिलंय. पण ते पुस्तक 1977चं, आणि टॉल्किन गेला 1973ला. मुलानं, ख्रिस्तोफरनं, बापाचे कागद लावून छापलं. उतारवयातल्या टिपणांत वेगळंच निघालं. एल्फ तर अमर, मग मेलेल्या ऑर्कच्या आत्म्याला कुठं पाठवायचं? त्यापेक्षा माणसांपासून झाले असतील. नाहीतर निव्वळ जनावरं, पढवलेली."

"मग माणसंच धरायची की!"

"कशी धरणार? कथेत माणसं जागी व्हायच्या आधीच ऑर्क हजर! मग माणसांची जन्मवेळच मागं सरकवायचा घाट. शेवटपर्यंत एक काही ठरलं नाही."

"आणि त्यांच्या बायका गं? सिनेमात एक दिसली नाही मला."

"पुस्तकातही नाही! पण त्याच्याच 'हॉबिट'मध्ये बोल्ग हा ऑर्क अझोगचा मुलगा म्हणून सांगितलाय. मुलगा आहे म्हणजे आई असणारच ना? एका वाचक बाईंना पत्रातून टॉल्किननं तसं कबूलही केलं. लिहिताना मात्र एकीलाही उंबऱ्यावर उभं केलं नाही. 2024मध्ये 'रिंग्ज ऑफ पॉवर' मालिकेत एका ऑर्कचं बायको-बाळ दाखवलं, तर केवढा गहजब!"

"गहजब कशाला? लेकरूच ते."

"तिथंच तर सगळं अडतं. लेकरू दिसलं की बापावर तलवार उगारणं अवघड. हेल्म्स डीपच्या लढाईत फ्रोडोच्या बाजूचे लेगोलस नि गिमली मारलेल्या ऑर्कांची हसतखेळत मोजणी करतात. याचे 41, त्याचे 42. अशी मोजणी करायची तर समोरच्याला घरदार नसलेलंच बरं."

"पण मुळात दुष्टच असतील तर?"

"दुष्ट आहेतच. पण ऐका तरी. किरिथ उंगोलच्या खिंडीत शाग्रात नि गोर्बाग, दोघे ऑर्क-सरदार, गप्पा मारत असतात आणि सॅम आडून ऐकतो. वरच्या साहेबांबद्दल कुरकुर चाललेली. म्हणे लढाई संपली की विश्वासातली चार पोरं घेऊन सटकू, आपलं आपण राहू, डोक्यावर मोठा साहेब नको. हां, लूट मात्र हाताशी हवी!"

"आमच्या ह्यांचं ऑफिसच गं! लूट सोडून."

"पुढं ऐका. तिथल्या महाकाय कोळिणीच्या डंखानं फ्रोडो निपचित पडलेला बघून गोर्बाग नाक मुरडतो, साथीदाराला असं टाकून जाणं ही एल्फांचीच खोड! आणि लगेच दोघे हसत आठवण काढतात त्या उफ्थाकची. त्यांचाच सोबती, त्याच कोळिणीच्या जाळ्यात जिवंत लटकलेला दिसला, तर याच शहाण्यांनी त्याला तिथंच सोडला!"

"जगाला नावं ठेवायची आणि स्वतः तेच करायचं!"

"पण म्हणजे चांगलं-वाईट त्यांना कळतं ना, मालूताई? वळत नाही एवढंच. थोड्याच वेळात फ्रोडोच्या मिथ्रिल धातूच्या चिलखतावरून दोघांच्या टोळ्या एकमेकींचा फडशा पाडतात. जनावरं असली भांडणं करत नाहीत."

"मग टॉल्किनला बिनधास्त मारायला शत्रू हवा होता, तर मुकाच ठेवायचा की! तोंड कशाला दिलं?"

"तेच त्याला जमेना. ऑक्सफर्डात भाषा शिकवण्यात जन्म गेला, एल्फांसाठी आख्ख्या भाषा रचल्या. त्याच्या हातून मुका शत्रू होणार कसा? आणि एकदा का बोलायला लागले, की कुरकुर आली, बढाया आल्या, शेजाऱ्यांची निंदा आली."

"आपल्यासारखीच!"

"म्हणून तर म्हणते, आईबाप कुणी का असेनात, आहेत ते आपल्यातलेच."