काहीतरी

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारला परवा एका करिअर मार्गदर्शन शिबिरात मी चार तास बसून होतो. खुर्ची पहिल्या रांगेतली, त्यामुळे उठायचीही सोय नव्हती. व्यासपीठावर सात पाहुणे, चौदा शाली आणि एक माइक. समोर रायमोहा, मानूर, तिंतरवणी, खोकरमोहा अशा गावांहून सकाळच्या एसटीनं आलेली शंभरेक पोरंपोरी. प्रत्येकानं माइकवर येऊन नाव, गाव, शिक्षण आणि ध्येय सांगायचं, असा बेत होता. नावं वेगळी, गावं वेगळी, शिक्षण बारावीपासून एमएस्सी ॲग्रीपर्यंत. ध्येय तेवढं एकच. "मला अधिकारी होऊन समाजासाठी काहीतरी करायचं आहे."

पहिल्या दहा जणांना मी टाळ्या वाजवल्या. अकराव्यापासून वहीत रेघा ओढायला लागलो. चार उभ्या आणि पाचवी आडवी, खळ्यावर पोती मोजताना ओढतात तशा. शिबिर संपलं तेव्हा माझ्या वहीत 81 काहीतरी जमा झाले होते. यातल्या एकालाही कुणी विचारलं नाही, की बाबा, म्हणजे नक्की काय?

विचारलं नाही ते बरंच झालं म्हणा. मराठीत या शब्दाइतका राबणारा दुसरा शब्द नसेल. बायको म्हणते, "बाजारातून काहीतरी घेऊन या," तेव्हा काहीही आणलं तरी ते चुकणार असतं. सोयरिकीच्या बैठकीत मुलाकडचे म्हणतात, "आमची काहीच अपेक्षा नाही, पण तुम्ही तुमच्या लेकीला काहीतरी द्यालच की," तेव्हा त्याला चार चाकं असतात. आणि एका कार्यालयात (तालुका सांगत नाही, जिल्हाही विचारू नका) वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला मी अकरा चकरा मारल्या. मृत्यूचा दाखला दिला, वंशावळ दिली, शपथपत्र दिलं, शपथपत्राची झेरॉक्स दिली, ती पुसट निघाली म्हणून पुन्हा दिली. बाराव्या चकरेला बाहेरच्या बाकड्यावरचा एक दयाळू गृहस्थ माझ्या कानाशी आला. "मामा, कामून हेलपाटे घालता? साहेबांचं काहीतरी बघा की." मी आत डोकावलो. खुर्चीतला चेहरा ओळखीचा. सहा वर्षांपूर्वी याच साहेबांच्या निवडीनिमित्त झालेल्या सत्काराला मी हजर होतो, आणि हार गळ्यातून काढायच्या आत ते माइकवर म्हणाले होते, समाजासाठी काहीतरी करायचं आहे. माणूस शब्दाला जागला होता हो! 'समाजासाठी काहीतरी'चं 'समाजाकडून काहीतरी' झालं होतं, एवढंच. एका शब्दयोगी अव्ययाचा तर फरक. सहावीच्या व्याकरणाच्या पेपरात अर्धा गुणही कापला जात नाही एवढ्याला.

असो. मी मूळचा हिशेबी माणूस, म्हणून शिबिरात बसल्या बसल्या हिशेबच केला. एका पोरानं सांगितलं, मी पुण्यात सहा वर्षं अभ्यासिकेत आहे, रोज दहा तास बसतो. वर्षाचे 300 दिवस धरले तर 18 हजार तास. एवढे तास हा पोरगा समाजासाठी काहीतरी करण्याच्या तयारीत आहे. काहीतरी अजून सुरू व्हायचंय. दरम्यान दसरा झाला, की त्याचे आईबाप मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर जातात, पहाटे थंडीत मोळ्या बांधतात, आणि त्या उचलीतून पोराची मेस आणि खोलीभाडं भरतात. म्हणजे हिशेबानं बघाल तर सहा वर्षं समाजच या पोरासाठी काहीतरी करतोय. ते कुणी माइकवर सांगत नाही. सांगायला ते दोघं असतात कुठं? कारखान्याच्या तळावर, कोपीत.

2023 ची तलाठी भरती आठवा. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज 10 लाखांच्या वर. शुल्क खुल्या गटाला 1000 रुपये आणि राखीव गटाला 900. सगळ्यांनी कमी शुल्क भरलं असं धरलं तरी रक्कम 90 कोटींच्या घरात जाते. नोकरी लागायच्या आधीच समाजासाठी इतकं काहीतरी करणारी तरुण पिढी जगात दुसरीकडे दाखवा. पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच आकड्यानं. निकाल लागला, साडेचार हजार निवडले गेले आणि उरलेल्या निदान 9 लाख 95 हजारांची समाजसेवा त्या दिवशी रद्द झाली. कुठं गेली ती? यांनी समाजासाठी जे करायचं ठरवलं होतं, ते सज्जाच्या दप्तराशिवाय होण्यासारखं नव्हतं काय? खुर्ची मिळाली तर सेवा, नाही मिळाली तर गावात येऊन पारावर मोबाइल. ही कसली तहान, जी फक्त सरकारी पेल्यानंच भागते?

आता समाजाचं भलं सगळ्यात जास्त कशानं होतं, हे मोजायचंच तर मोजू. रात्री दोन वाजता पाणी धरायला गेलेल्या माणसाला शेताच्या बांधावर घोणस चावते. (रात्रीच का? कारण शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच येते. तो वेगळा लेख आहे, तो लिहिला तर संपादक छापणार नाहीत.) त्याला मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात आणतात. तिथं ड्यूटीवरची नर्स काय करते? काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेते आणि ती नळी 20 मिनिटं न हलवता ठेवते. मग आडवी करून बघते. रक्त पातळच राहिलं असेल, तर विष अंगात भिनलंय, डॉक्टरांना उठवून इंजेक्शन सुरू करायचं. यंत्र नाही, वीज नाही, राज्यघटनेची कलमं पाठ नाहीत. एक काचनळी, एक घड्याळ आणि ती नळी हलू न देणारी एक बाई. 20 मिनिटं. त्या 18 हजार तासांच्या शेजारी ही 20 मिनिटं ठेवून बघा, आणि मला सांगा, या बाईचं फ्लेक्स तुम्ही शिरूरच्या कुठल्या चौकात पाहिलंय? आमच्याकडे पूर्वपरीक्षा पास झालेल्या पोराचंही फ्लेक्स लागतं. नुसती पूर्वपरीक्षा! खाली सोळा मित्रांचे गॉगल लावलेले फोटो. बसच्या पाटीवर हे फ्लेक्स आडवं लागल्यामुळे गेल्या महिन्यात माझी पाथर्डीची गाडी चुकली, हेही या निमित्तानं नोंदवून ठेवतो.

आणि आशाताई. साधारण हजार वस्तीमागे एक. बाळंतिणीला कळा आल्या की गाडी बघायची, तान्ह्या बाळाच्या घरी फेऱ्या मारायच्या, क्षयाच्या पेशंटनं गोळ्या गिळल्या की नाही ते पाहायचं, लसीच्या दिवशी रुसलेल्या सासूची समजूत घालायची. ही बाई समाजासाठी काहीतरी करत नाही, ती ठरावीक गोष्टी करते, वहीत लिहून करते. म्हणूनच बहुधा तिला पगार नाही. कागदावर ती 'स्वयंसेविका' आहे, तिला 'मोबदला' मिळतो, तोही थकतो. म्हणजे बघा, ज्याला सेवा करायची इच्छा आहे त्याला वेतन आयोग, आणि जी सेवा करते तिला, ताई, तुम्ही तर सेवाच करता, पैशाचं काय बोलता!

इथं मला हसू येईनासं होतं. 2019 मध्ये याच बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची सरकारी पाहणी झाली. 82,309 बायका तपासल्या, त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात जावं तर तिथं पिशवी खराब झालीय म्हणून सांगतात, कॅन्सरची भीती घालतात, उचलीतनंच ऑपरेशनचे पैसे भरायचे. प्रत्येक ऑपरेशन चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. पण तेरा हजार! ही ऑपरेशनं आभाळातून पडली नाहीत. ती शिकल्यासवरल्या, पदवी घेतलेल्या माणसांनी केली, आणि यातल्या प्रत्येकानं बारावीच्या निकालादिवशी पेढा खाता खाता म्हटलेलं असणार, की डॉक्टर होऊन गोरगरिबांसाठी काहीतरी करायचंय. केलं की! पिशव्या काढल्या! म्हणून म्हणतो, विचारा त्या पोरांना. माइक हातात असेपर्यंत विचारा. काय करणार? कुणासाठी? कधीपासून? आणि कुणी पाकीट पुढं केलं तर कुठला हात खिशात ठेवणार?

माझा आवाज चढला असेल तर माफ करा. शिबिरात हेच पुटपुटलो, तेव्हा शेजारच्यानंही माझ्याकडे वळून पाहिलं होतं.

शिबिराच्या शेवटी एक मुलगी माइकवर आली. शेवटून तिसरी असेल. नाव सांगितलं, गाव सांगितलं. ध्येय? "नर्स व्हायचंय. आमच्या गावाला उपकेंद्र आहे, नर्स राहत नाही. मी राहीन." संपलं. मी रेघ ओढायला पेन उचललं होतं, ते तसंच राहिलं.

एका पाहुण्यांनी माइक मागून घेतला. "छान. पण बाळ, स्वप्नं मोठी पाहा. आपल्या जिल्ह्याला कलेक्टर हवेत." टाळ्या. ती खाली उतरली.

प्रमाणपत्रांचा गठ्ठा दाराशी टेबलावर होता. रंगीत, जाड कागद, वर बोधचिन्ह, मधे ठळक अक्षरांत छापलेलं 'भावी अधिकारी' आणि नावापुरती मोकळी जागा. तिनं आपलं हातात घेतलं, वाचलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"सर, माझं चुकलंय."

"ताई, नर्सची छापलेलीच नाहीत," स्वयंसेवक म्हणाला.

"मग कोरं द्या."