दोन्ही हातांनी डोकं खाजवणारा

घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 सालच्या रामनवमीला ठोसरांच्या घरी हा नारायण जन्मला आणि पुढे 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून पळाला, अशी आख्यायिका आहे. हा शब्द दर लग्नसराईत आपल्याही कानांवर पडतो. आपण पळतो ते पंगतीकडे.

ज्यानं संसारच केला नाही, त्याला संसारी माणसाच्या खोडी इतक्या बारकाईनं कशा दिसल्या? त्यांच्या दासबोधाचा दुसरा दशक उघडला की पहिल्याच समासात मूर्खलक्षणं. आपलीच आरती ओवाळणारा, दुखणं अंगावर काढून औषध न घेणारा. माझा सर्वांत लाडका मूर्ख म्हणजे दोघं बोलत असताना मधेच येऊन बसणारा आणि दोन्ही हातांनी डोकं खाजवणारा. घनसावंगीत चहाच्या टपरीवर दोघं जण मोसंबीच्या भावाचं हळू आवाजात बोलू लागले, की हा आलाच म्हणून समजा. साडेतीनशे वर्षांत त्याची खाज काही कमी झालेली नाही.

पण हा समास वाचताना प्रत्येकाला आठवतो तो दुसराच कुणीतरी. सासऱ्यांना जावई, जावयाला मेहुणा. मोबाइलवरच्या 'स्वभाव ओळखा' चाचण्यांचंही तेच. उत्तरं आपण द्यायची आणि निकाल वाचून म्हणायचं, "अगं, हे तर हुबेहूब आमचे दादा!" समर्थांना ही पळवाट ठाऊक असावी. म्हणून त्यांनी त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्ख आणून शहाण्यांनाही रांगेत उभं केलं आणि तिसऱ्या दशकाला सरळ नाव दिलं: स्वगुणपरीक्षा.

स्वतःकडे पाहायला समर्थांचे मनाचे श्लोकही आहेत, 205. त्यांत मनाला दटावणी पुष्कळ, पण आधी त्याला भलं म्हटलंय, मग कामाला लावलंय. राग नको, कारण मागून खेद होतो, असं कारणही दिलंय. आपण मात्र तापलेल्या माणसाला नुसतं "शांत हो" म्हणतो आणि तो आणखीच भडकतो.

घरी दासबोध असेल तर एक करा. मूर्खलक्षणांच्या समासात कुणाच्याही नावाची पेन्सिलनं खूण करू नका. तुमच्यानंतर ते पान घरातले सगळेच उघडणार आहेत आणि पेन्सिल त्यांच्याकडेही आहे.