हसा, म्हणजे दार उघडेल

कॅनन कंपनीच्या बीजिंगमधल्या एका उपकंपनीने कचेरीत असे कॅमेरे बसवले, की माणूस हसला तरच दार उघडायचे, एसीचे तापमान बदलायचे आणि प्रिंटरमधून कागद बाहेर पडायचा. २०२१ मध्ये ही बातमी जगभर पसरली आणि लोक उगाचच हळहळले. 'माणसाच्या मनःस्थितीनुसार बदलणारी वास्तू' म्हणून जिचे गोडवे गायले जातात, तिचा इतका प्रामाणिक नमुना दुसरा नसेल. इतर वास्तू म्हणतात, आम्ही तुमच्या मनासारखे वागू. हिने रोखठोक सांगितले, आमच्या मनासारखा चेहरा करा. उकाड्याने जीव कासावीस झाला तरी दात दाखवल्याशिवाय गारवा नाही! त्यापेक्षा सरकारी नियमाने मुकाट २४ अंशांवर सुरू होणारा आपला एसी बरा. त्याला कोणाचे तोंड पाहायची हौस नाही.

दोष कॅमेऱ्याचा नाही, चेहरा वाचला की मन वाचले या समजुतीचा आहे. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारावर अभ्यास तपासून २०१९ मध्ये दाखवून दिले, की रागावलेला माणूस कपाळाला आठ्या घालतो तो जेमतेम ३० टक्के वेळा. आणि आठ्या घातलेला माणूस चष्मा विसरलेलाही असू शकतो. मराठी घरात 'काही नाही' या दोन शब्दांचा अर्थ लावताना तीस वर्षांचा संसार कमी पडतो. भिंतीतल्या सेन्सरने तो कसा लावावा? मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्येच चेहऱ्यावरून भावना ओळखण्याची आपली सोय मागे घेत असल्याचे जाहीर केले.

कोणी म्हणेल, यंत्र सुधारेल. सुधारले तर जास्तच पंचाईत. आजच्या यंत्राला निदान खोटे हसून फसवता तरी येते. मग चालकाला डुलकी लागली किंवा एकटे राहणारे आजोबा पडले, हे यंत्राने ओळखू नये का? जरूर ओळखावे. पण तो देहाचा हिशेब झाला. पापणी मिटली ती मिटली, तिच्या मनात काय आहे हे विचारावे लागत नाही. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील कायद्यानेही हा भेद पाळला. थकवा आणि वेदना यांना त्याने भावनांत धरले नाही. भावना ओळखणाऱ्या यंत्रणांना मात्र २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत बंदी घातली, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे तेवढी वगळून. त्या बंदीत घर नाही.