डेव्हिएशनवर उडवा

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही कंपनीत एक क्वालिटीवाले साहेब असतात. चष्मा कपाळावर, हातात वर्निअर आणि तोंडात 'होल्ड'. चाकणच्या व्हेंडरचा टेम्पो मोशीच्या कोंडीतून कसाबसा गेटवर पोचला, की साहेब दोन नग उचलतात, भोकात गेज घालून बघतात आणि अख्ख्या लॉटला पिवळा टॅग लावून मोकळे होतात. व्हेंडर हात जोडतो, "साहेब, वीस मायक्रॉनचाच फरक आहे, डेव्हिएशनवर घ्या ना!" डेव्हिएशन, म्हणजे मापात न बसलेला माल तसाच पास करणं. हा शब्द ऐकला की साहेबांचं डोकं सणकतं. लाइन थांबली तरी बेहत्तर. आमच्या शेजारच्या साहेबांचं घरीही तेच. मुलीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी आधीची नोकरी सोडल्याचं रूट कॉज विचारलं होतं. लग्न झालं, पण त्या मुलाला अजून प्रोबेशनवर असल्यासारखीच वागणूक मिळते.

याच जावयाने त्यांना कामशेतच्या टँडम पॅराग्लायडिंगचं बुकिंग भेट दिलं. (हेतूबद्दल मी काही बोलणार नाही.) वार अर्थातच गुरुवार, कारण आमच्या उद्योगनगरीचा रविवार गुरुवारीच येतो. मे महिना. शेजारी म्हणून फोटो काढायला मी.

दुपारी वळीव कोसळला. तासाभरात लख्ख ऊन पडलं आणि साहेब हेल्मेट चढवून टेकडीवर उभे राहिले. मावळातला तो पोरगेला पायलट मात्र लोणावळ्याच्या बाजूला टक लावून बघत होता.

"आज नाही काका."

"का? पाऊस थांबला, वाराही पडलाय."

"तोच तर घोळ आहे." पोराने पंखाची घडी थोपटली. "हे नुसतं कापड. आत कांब नाही, काही नाही. पुढच्या तोंडांतून हवा शिरते, तिच्या दाबावर उभं राहतं. आता ऊन आलंय. खडक तापणार, ओली खाचरं गार राहणार, आणि वरची हवा अजून थंड. मग एकीकडे हवा उसळते, शेजारीच खाली आपटते. पंखाची एक बाजू मिटली की संपलं. शिवाय तो ढग बघा, अजून उभाच आहे. त्याच्या पोटातली गार हवा जमिनीवर आपटून पसरते, लांबपर्यंत येते. इथे पान हलत नसतं आणि एकदम झोत येतो."

साहेब हलेनात. तेव्हा पोराने ऑस्ट्रेलियाची गोष्ट काढली. 2007 साली मॅनिला गावाजवळ जागतिक स्पर्धेचा सराव चालू असताना एव्हा विश्नियर्स्का नावाच्या पायलट बाईला वादळी ढगाने ओढून 9,946 मीटरवर नेलं. एव्हरेस्टच्याही वर. बाई बेशुद्ध, अंगावर बर्फ. त्याच वादळात एक चिनी पायलट गेला.

"बाई वाचली ना?" साहेब म्हणाले.

मग घासाघीस सुरू झाली. पाचच मिनिटं उडव. कमी उंचीवर उडव. जबाबदारी माझी, लिहून देतो.

"तुम्ही लिहून द्याल, पण मागे मीच बांधलेला असतो ना काका!"

आणि तेव्हा, या कानांनी ऐकलं, साहेब आवाज खाली आणून, जवळजवळ हात जोडून म्हणाले, "अरे, एवढं काय... डेव्हिएशनवर उडव ना."

"ते काय असतं?" पोराने निरागसपणे विचारलं.

साहेबांनी हेल्मेटचा पट्टा सोडला. खाली उतरून हायवेवर दोन वडापाव खाल्ले. पहिला परत पाठवला होता, वडा मधोमध नाही म्हणून.

शुक्रवारी कँटीनमध्ये त्यांच्याभोवती पोरांचं कोंडाळं जमलं होतं. त्यांचा एक ट्रेनी आमच्याच सोसायटीत राहतो, त्याच्याकडून संध्याकाळी सगळं कळलं. पायलट नवशिका होता. उडायला नुसता उतावीळ. साहेबांनीच ढगाकडे बोट दाखवून 'होल्ड' म्हटलं. ऑस्ट्रेलियातली बाई एव्हाना बारा हजार मीटरवर पोचली होती. शनिवारी सेफ्टीच्या रजिस्टरात 'निअर मिस' म्हणून नोंदही झाली, ठिकाण कामशेत, धोका ओळखणाऱ्याच्या रकान्यात साहेबांची सही. रूट कॉजच्या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला होता: जावई.